टपालातून मोबाईलपर्यंत : मोठेपणी चित्र शिकणाऱ्यांची गोष्ट

आज थोडं लांबून सुरुवात करणार आहोत, पण आधी घरची गोष्ट सांगून घेतो.

मागच्या वर्षी आमच्या गटाची गोधडीची एक ऑर्डर हातची गेली. पुण्याच्या गिऱ्हाईक बाई फोनवर म्हणाल्या, "नक्षी कशी असेल ते आधी कागदावर काढून फोटो पाठवा, मग ठरवू." आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे बघत बसलो. सुई हातात आली की चौकट, काठ, मधलं फूल सगळं उतरतं, पण ते कागदावर कसं काढायचं? शेवटी गावातल्या एका कॉलेजच्या पोराला दोनशे रुपये देऊन चित्र काढून घेतलं. चित्र झकास होतं, पण ती गोधडी आमची नव्हती. त्यानं काढलेल्या वेली धाग्यात बसेनात. बाईंनी दुसरा गट बघितला.

त्या दिवशी ठरलं की आपणच शिकायचं. सहाजणी तयार झालो. सगळ्यात धाकटी एकोणतीस वर्षांची, सगळ्यात थोरल्या काकू अठ्ठावन्नच्या. मोबाईलवर एका ऑनलाइन कोर्सची जाहिरात सारखी दिसत होती. फी माणशी नऊशे रुपये. गटातून अंतर्गत कर्ज घेतलं, इतिवृत्त वहीत तशी नोंद केली आणि ५,४०० रुपये भरले.

चाळीस व्हिडिओ आले. नारळाचं झाड, मावळतं ऊन, पाण्यातली होडी. बघायला छान वाटायचं. पण आमची होडी पाण्यात का बसत नाही, हवेत का लोंबते, हे विचारायचं कुणाला? व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप होता, त्यावर फक्त चालवणाराच लिहू शकत होता. दोन महिन्यांनी सगळ्यांना प्रमाणपत्रं आली. आमच्यातल्या एकीची सून त्याच दिवसांत बाळंत झाली होती, त्यामुळे तिनं एकही व्हिडिओ उघडला नव्हता. तिलाही "उत्तम श्रेणी" मिळाली. आधी आम्ही पोट धरून हसलो. मग बैठकीत हिशेब मांडला तेव्हा हसू गेलं. घरोघरी ऐकून घ्यावं लागलं ते वेगळंच. "या वयात चित्रं काढायला निघाल्या!"

या वयात. हा शब्द आम्हाला लागला. आमच्यातल्या एकीचा बी.ए.ला इतिहास विषय होता. ती म्हणाली, मोठेपणी, घरी बसून, लांबच्या गुरूकडून चित्र शिकणाऱ्या आपण काही पहिल्या नाही. मग तालुक्याच्या वाचनालयातून आणि मोबाईलवरून जेवढं मिळालं तेवढं वाचत गेलो. जे वाचलं ते तुम्हाला सांगावं असं वाटलं.

ही गोष्ट सुरू होते टपालापासून. १८४० साली इंग्लंडमध्ये नवी पद्धत आली. पत्र देशात कुठंही जावो, साध्या पत्राला एक पेनी. त्याआधी टपाल महाग होतं आणि बऱ्याचदा पत्र घेणाऱ्यालाच पैसे मोजावे लागायचे. टपाल स्वस्त झालं आणि आयझॅक पिटमन नावाच्या मास्तरांनी त्याचा उपयोग करून घेतला. त्यांनी लघुलिपी, म्हणजे शॉर्टहँड, टपालानं शिकवायला सुरुवात केली. विद्यार्थी धडा लिहून पाठवायचा आणि मास्तर चुका दुरुस्त करून तोच कागद परत पाठवायचे. पुस्तकं तर त्याआधीही लांबवर जात होती. पण पुस्तक नुसतं जातं. इथं विद्यार्थ्याचा कागद जाऊन परत येत होता. मैत्रिणींनो, ही परत येण्याची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती पुन्हा पुन्हा लागणार आहे.

चित्रकलेत असं काम केलेलं एक नाव म्हणजे जॉन रस्किन. इंग्लंडचे मोठे लेखक, कलेवर लिहिणारे. १८५४ पासून ते लंडनमध्ये कामगारांच्या कॉलेजात संध्याकाळी चित्रकला शिकवत. दिवसभर राबून आलेली मोठी माणसं समोर बसायची. शिवाय कितीतरी हौशी लोकांना, त्यात बायकाही होत्या, ते पत्रातून सल्ला द्यायचे. १८५७ साली त्यांनी नवशिक्यांसाठी चित्रकलेचं पुस्तक काढलं, ते धड्यांचं नाही, तीन पत्रांचं. त्यांचं म्हणणं आम्हाला फार आवडलं. बारा-चौदा वर्षांच्या आतल्या मुलाला चित्रकला मुद्दाम शिकवू नये, त्याला हवं तसं खेळू द्यावं. खरं शिकणं त्यानंतरचं. आणि ज्याला चित्र काढायला अजिबातच शिकता येणार नाही असा माणूस त्यांना आजवर भेटलाच नव्हता. आमच्या घरच्यांना हे वाक्य आम्ही दोन वेळा ऐकवलं.

रस्किन पहिला धडा काय देतात बघा. फूल नाही, पक्षी नाही. एक लहानसा चौकोन आखायचा आणि पेनानं बारीक रेघा एकमेकींवरून आडव्या-तिडव्या ओढत तो सारखा करडा करायचा. कुठं काळा डाग नको, कुठं पांढरी फट नको. आम्ही करून बघितला. जोंधळा निवडण्याइतका कंटाळवाणा आणि तितकाच अवघड. दोन दिवसांत लक्षात आलं की आमच्या गोधडीचे धावते टाके यापेक्षा वेगळे काय आहेत? सारख्या अंतरानं सारखी रेघ. हात तयारच होता, त्याला पेन कधी दिलं नव्हतं. पुढच्या एका धड्यात ते सांगतात, बाहेर जा आणि वाटेवरचा हाताला येईल तो गोल दगड उचलून आणा, तो काढा. दगडाची गोलाई कागदावर आणता आली की पुष्कळ काही आलं.

त्याच १८५७ साली आपल्या मुंबईत सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं. तिथून मोठमोठे चित्रकार निघाले. बायका मात्र तिथं फार उशिरा आणि फार थोड्या पोचल्या. सुरुवातीच्या नावांत अंबिका धुरंधर आणि अँजेला त्रिंदाद ही दोन नावं येतात. एक चित्रकार म. वि. धुरंधरांची लेक, दुसरी मूळ गोव्याच्या चित्रकार त्रिंदादांची. दोघींचेही वडील त्याच शाळेत शिकवणारे. म्हणजे गुरू घरातच, रंग घरातच, आणि परवानगी द्यायची ती माणसंही घरातच. त्यांच्या कर्तृत्वाला यानं उणेपणा येत नाही. पण ज्यांच्या घरात असे वडील नव्हते त्यांनी काय करायचं?

आपल्याकडे शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा असतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र हे शब्द तुमच्या मुलींच्या तोंडी ऐकले असतील. आमच्यातल्या दोघी एलिमेंटरीला बसणार होत्या. एकीचं त्या वर्षी लग्न ठरलं. दुसरीला रंगाची पेटी मिळाली नाही. बाकीच्यांच्या शाळेत चित्रकलेचा तास म्हणजे गणिताच्या सरांना मिळालेला जादा तास. असं करत करत पेन्सिल सुटते ती सुटतेच.

आता जरा अमेरिकेत जाऊ. तिकडे टपालानं चित्रकला शिकवायचा मोठा धंदाच उभा राहिला. मिनियापोलिस शहरात १९१४ पासून अशी एक शाळा होती. पुढे तिचं नाव आर्ट इन्स्ट्रक्शन झालं. तिचा एक विद्यार्थी पुढे जगभर गाजला, चार्ल्स शुल्ट्झ. चार्ली ब्राऊन आणि त्याचा स्नूपी कुत्रा, ते चित्र कधीतरी पोरांच्या दप्तरावर दिसलं असेल, ते यांचं. वडिलांचं केस कापायचं दुकान. १९४० च्या सुमारास आईच्या नजरेला जाहिरात पडली, "तुम्हाला चित्र काढायला आवडतं का?" आईनं ती मुलाला दाखवली. फी होती १७० डॉलर. वडिलांनी ती हप्त्याहप्त्यानं भरली आणि हप्ते भरताना त्यांची ओढाताण झाली. हे वाचताना आमची कोषाध्यक्ष म्हणाली, "अगदी आपल्यासारखंच."

शुल्ट्झ शेजारच्याच सेंट पॉल गावात राहत होते. शाळेत चालत जाऊन शिकता आलं असतं, पण स्वभाव इतका बुजरा की त्यांनी सगळे धडे टपालानंच पाठवले. लहान मुलांची चित्रं काढायच्या धड्यात त्यांना जेमतेम गुण मिळाले, सी प्लस. आणि पुढे आयुष्यभर त्यांनी काढली ती लहान मुलंच! महायुद्धातून परत आल्यावर ते त्याच शाळेत नोकरीला लागले. काम काय, तर लांबलांबून आलेले विद्यार्थ्यांचे कागद तपासायचे. १९५० साली त्यांची मालिका सुरू झाली. समोर बसून शिकायला लाजणाऱ्याला टपाल सोयीचं पडतं, हे आम्हाला अगदी पटलं. आमच्या थोरल्या काकूंना पोराबाळांसमोर पेन्सिल धरायची लाज वाटते. दार लावून, फोटो काढून पाठवायला त्यांना काही वाटत नाही.

१९४८ साली कनेटिकट राज्यात दुसरी एक शाळा निघाली, फेमस आर्टिस्ट्स स्कूल. नावाप्रमाणेच नामवंत चित्रकारांनी काढलेली. नॉर्मन रॉकवेल हे त्यातलं मोठं नाव. शिकवण्याची पद्धत खरोखर चांगली होती. विद्यार्थ्याचं चित्र आलं की त्यावर पातळ पारदर्शक कागद ठेवायचा, दुरुस्ती त्या कागदावर करायची, सोबत पत्र लिहायचं आणि दोन्ही परत धाडायचं. आपलं चित्र खराब होत नाही, पण कागद वरून ठेवला की हात कुठं चुकला ते दिसतं. ब्लाउजच्या कापडावर कागदी फर्मा ठेवतो तसंच.

पण जाहिरातीत चेहरे नामवंतांचे आणि तपासणारे हात दुसऱ्यांचे. हे तपासणारे नोकरदार चित्रकार होते, ते प्रामाणिकपणे काम करत असतीलही. पुढे याच कंपनीनं लेखन शिकवणारी भावंड-शाळा काढली, तिथं मात्र फार बिघडलं. १९७० साली जेसिका मिटफर्ड या पत्रकार बाईंनी त्यावर एक सणसणीत लेख लिहिला. सुरुवात कशावरून झाली ठाऊक आहे? एका बहात्तर वर्षांच्या विधवा बाईंच्या प्रकरणावरून. दारात आलेल्या विक्रेत्यानं गोड बोलून त्यांची साठवलेली पुंजी पहिल्या हप्त्यात काढून घेतली होती. बाईंनी खोलात जाऊन बघितलं तेव्हा कळलं की जाहिरातीतले नामवंत विद्यार्थ्यांचं लिखाण बघतच नाहीत, आणि मध्येच सोडून जाणाऱ्यांच्या फीवर सगळा डोलारा उभा आहे. जो जितका लवकर कंटाळेल तितका फायदा जास्त. दोन वर्षांत कंपनीचं दिवाळं निघालं.

आमची ५,४०० ची गोष्ट आठवली ना? आमच्या कोर्सवाल्यांनी हे वाचलं नसेल, पण युक्ती तीच. आणि आपण आळशी म्हणून शिकलो नाही असं आम्ही स्वतःलाच दोष देत बसलो होतो.

मध्ये टीव्हीचा काळ येतो. बॉब रॉस नावाचे चित्रकार १९८३ ते १९९४ अमेरिकेच्या टीव्हीवर अर्ध्या तासात डोंगर, झाडं, तळं उभं करून दाखवायचे. आजही मोबाईलवर सापडतात. आवाज इतका मऊ की ऐकत बसावं. रात्री भांडी आवरून झाल्यावर आम्ही ते बघतो, भाषा कळत नाही तरी. पण टीव्हीतला माणूस आपल्याकडे बघत नाही, आपला कागद त्याला दिसत नाही. ते बघून मन शांत होतं, हात शिकत नाही. निदान आमचा तरी नाही शिकला.

आता आपल्या देशातली गोष्ट. टपालाची नाही, पायी चाललेल्या कागदाची आहे. १९६६-६७ साली बिहारमध्ये मोठा दुष्काळ पडला. पुपुल जयकर तेव्हा हस्तकला मंडळाचं काम बघत होत्या. मिथिला भागात, मधुबनीजवळच्या गावांत, बायका लग्नघराच्या भिंतींवर पिढ्यान्‌पिढ्या चित्रं काढत आलेल्या. तीच कागदावर काढली तर विकता येतील आणि दुष्काळात चार पैसे मिळतील असा विचार झाला. कागद घेऊन तिथं कोण गेलं? मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी. आपला मराठी माणूस.

या बायका चित्रात नवशिक्या नव्हत्या, पण कागद नवा होता. भिंतीवर काढताना सगळा हात फिरतो, कागदाला चारी बाजूंनी कडा असते. भिंत लग्नापुरती असते, कागद परगावी जातो, अनोळखी माणूस तो बघतो. चांगल्या वयाच्या, पोराबाळांच्या बायकांनी हे नव्यानं शिकून घेतलं. जितवारपूरच्या जगदंबा देवींना १९७५ मध्ये पद्मश्री मिळाली, सीता देवींना १९८१ मध्ये. आम्हाला सगळ्यांत जवळच्या वाटल्या त्या गंगा देवी. नवऱ्यानं दुसरं लग्न केलं, संसार मोडला, आणि कागद हाच आधार झाला. आधी देवदेव आणि लग्नाचं कोहबर काढायच्या. मग बाईचा जन्म ते म्हातारपण काढलं. अमेरिकेला जाऊन आल्या, तर तिथला उंच पाळणा, गाड्या, माणसं आपल्याच रेघेत काढली. शेवटी कॅन्सर झाला, तेव्हा दवाखाना, डॉक्टर आणि खाटेवरची स्वतः, तेही काढलं. कुणी शिकवलेली चित्रं नव्हती ती.

हेच भास्कर कुलकर्णी पुढे १९७० च्या दशकात आपल्या डहाणू भागात वारली पाड्यांवर गेले. वारली लग्नात चौक लिहायचा मान सुवासिनींचा. तांदळाच्या पिठानं पालघाट देवीचा चौक बायकाच काढायच्या. पण कागद आला तेव्हा पुढे आले जिव्या सोमा म्हसे. फार थोर कलावंत, २०११ मध्ये पद्मश्री, २०१८ मध्ये गेले. त्यांच्यामागून आणखी पुरुष कागदावर काढू लागले आणि वारली चित्रकला जगभर गेली. म्हसे यांच्याबद्दल आम्हाला आदरच आहे. तरी एक गोष्ट सलते. मिथिलेत कागद आला तर नावं बायकांची झाली आणि आपल्याकडे कागद आला तर भिंतीवर लिहिणाऱ्या कितीतरी जणींची नावंसुद्धा कुणाला ठाऊक नाहीत. आमची नक्षी त्या कॉलेजच्या पोरानं काढली तेव्हा काय निसटलं, ते हे वाचून कळलं.

दुसऱ्या वेळी आम्ही फी भरायच्या आधी एकच प्रश्न विचारला, "आमचा कागद कोण बघणार?" शहरातले एक निवृत्त चित्रकला शिक्षक सापडले. दर गुरुवारी ऑनलाइन तास, रविवारपर्यंत कागदाचा फोटो पाठवायचा. ते फोटोवरच बोटानं लाल रेघ ओढून परत पाठवतात आणि आवाजात सांगतात, "इथं हात घाईत गेला." शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी टपालातून येणारा कागद आता दोन तासांत येतो, एवढाच फरक. रेंज नसली तर दोन दिवसांत. तेव्हा एकजण मारुतीच्या देवळामागच्या टेकाडावर सगळ्यांचे फोटो घेऊन जाते.

त्यांनी एकदा चित्र उलटं ठेवून काढायला लावलं. ही युक्ती बेटी एडवर्ड्स या अमेरिकन शिक्षिकेच्या १९७९ च्या पुस्तकातली. उजव्या-डाव्या मेंदूचं त्यांचं म्हणणं आता शास्त्रज्ञ जसंच्या तसं मानत नाहीत, पण युक्ती चालते. खुर्ची उलटी केली की ती खुर्ची वाटत नाही, नुसत्या रेघा दिसतात, आणि आपण "खुर्ची अशीच असते" म्हणून मनातलं काढायचं थांबवून समोरचं काढतो. आमच्यातल्या ज्या बाई सही करायला शिकल्या त्या साक्षरता वर्गातच, त्यांची उलटी खुर्ची सगळ्यांत सरस आली. अक्षरांची सवय कमी म्हणून की काय, देव जाणे.

पहिल्या कर्जाचे दोन हप्ते अजून राहिलेत. गोधडीच्या नक्षीचे चार कागद तयार आहेत. त्यातला एक आम्ही त्या पुण्याच्या बाईंना पाठवलाय, उत्तर यायचंय.

मागच्या गुरुवारी सरांनी रस्किनचाच दगडाचा धडा दिला. थोरल्या काकू वाटेवरचा दगड कशाला आणतील? त्यांनी घरातला वरवंटा काढला, मधोमध झिजलेला, सासूच्या हातचा. रविवारी लाल रेघ येऊन पडली, सावली चुकीच्या बाजूला पडलीय म्हणून. काकूंनी जन्मात पहिल्यांदा व्हॉइस मेसेज दाबून धरला आणि म्हणाल्या, "सर, आमच्या सैपाकघराला दोन खिडक्या हायत." थोड्या वेळानं सरांचं उत्तर आलं, "मग बरोबर आहे, काकू. दुसऱ्या खिडकीची सावली तेवढी फिकट करा."